पाप कोणाचे, की कारण कोणते?

शास्त्रपाठ : योहान ९:१–२३, मार्क ९:१४–२९. जोडपाठ : मत्तय ४:२४.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे एखादे घर बहुधा असतेच की, ज्यातील लेकरू वयाप्रमाणे वाढत नाही. जन्मले तेव्हा ते सुरेख दिसत होते. पुढे मान धरीना, बसेना, हाक मारिली तरी पाहीना. कित्येकदा फेफरेही येऊ लागले. आईबाप ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडतात, पण रोगाचे नाव कोणी सांगत नाही. शेजाऱ्यांपाशी मात्र उत्तर तयार असते. कोणी म्हणतो, आईने ग्रहण पाळिले नाही; कोणी म्हणतो, नजर लागली; कोणी म्हणतो, वाडवडिलांचा देव सोडिला त्याचे हे फळ. आणि दुःखाची गोष्ट ही की, मंडळीतलाही एखादा बंधु हळूच म्हणतो, “घरात काही गुप्त पाप असेल.” अशा आईबापांनी काय करावे आणि मंडळीने त्यांच्याशी कसे वागावे, हे ह्या पाठात पाहू.

१. प्रभूने नाकारिलेला प्रश्न. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी विचारिले ते हेच की, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पक्ष नाकारिले, आणि देवाचे कार्य त्या मनुष्याच्या ठायी प्रगट व्हावे, इकडे त्यांची दृष्टि वळविली. मग तो बोलून थांबला नाही. त्याने चिखल केला, डोळ्यांस लाविला व त्यास सिलोआम तळ्याकडे पाठविले.

त्याच अध्यायात पुढे आईबापांची साक्ष आहे. हा आमचाच मुलगा व तो आंधळाच जन्मला, एवढे ते निर्भयपणे कबूल करितात. परंतु त्यापुढे त्यांचे तोंड बंद होते, कारण आपणास सभास्थानातून घालवून देतील असे भय त्यांस वाटत होते. आमच्या मंडळीच्या भयाने कोणा आईबापांचे तोंड बंद झाले आहे काय, ह्याचा उपदेशकांनी विचार करावा.

२. प्रभूने विचारिलेला प्रश्न. मार्काच्या नवव्या अध्यायातील बाप आपल्या मुलास घेऊन आला, तेव्हा प्रभूने त्यास पापाविषयी विचारिले नाही. ह्याला असे केव्हापासून होते, हे विचारिले. बापाने सांगितले की बाळपणापासून, आणि मुलाला काय काय होते तेही सांगितले. चांगला डॉक्टर आजही प्रथम हेच विचारितो.

त्या वृत्तांतात दुष्ट आत्म्याचा उल्लेख आहे, म्हणून प्रत्येक फेफरे भुताचेच, असे कित्येक समजतात. परंतु मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे सांगितले आहेत. यास्तव फेफरे येणाऱ्या मुलास भगताकडे नेणे, डाग देणे किंवा प्रार्थना चालू आहे म्हणून औषध बंद करणे, ह्यांस शास्त्राचा आधार नाही. त्या बापाचा विश्वास अपुरा होता व ते त्याने रडत कबूल केले. तरी प्रभूने त्यास परत लाविले नाही.

३. एका आईचा शोध. कारण शोधणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे, हे दाखविणारी एक खरी गोष्ट नॉर्वे देशात घडली. तेथील एका आईस दोन मुले होती. थोरली मुलगी थोडीबहुत चाले-बोले, परंतु बुद्धीने फार मागे राहिली. धाकटा मुलगा चौथ्या वर्षीही ना चाले, ना बोले. मुलांच्या अंगास व लघवीस एक चमत्कारिक उग्र वास येई. आईने अनेक डॉक्टरांस विचारिले, पण कारण कोणी सांगेना. तरी तिने विचारणे सोडिले नाही.

सन १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग नावाच्या डॉक्टराने तिचे म्हणणे मनावर घेतले. हा गृहस्थ रसायनशास्त्रही शिकला होता. त्याने मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले, तो तिचा रंग गर्द हिरवा झाला. हा एखाद्या औषधाचा परिणाम असेल, म्हणून त्याने सर्व औषधे काही दिवस बंद करविली. तरी रंग हिरवाच. आई पुनःपुन्हा लघवी नेऊन देत राहिली. शेवटी तीतील द्रव्य कोणते ते त्याने शोधून काढिले. मग मतिमंदांच्या आश्रमांतील ४३० जणांची लघवी तपासिली. त्यांतील ८ जणांत तेच द्रव्य सापडले.

ह्या विकारास पुढे फेनिलकीटोन्यूरिया असे नाव पडले. दूध, डाळ, अंडी, मांस ह्यांतील प्रथिनांत फेनिलअ‍ॅलनीन नावाचा एक घटक असतो. ह्या मुलांच्या शरीरास तो पचवून वापरता येत नाही. तो रक्तात साचतो व वाढत्या मेंदूस इजा करितो. दोष आईकडून एक व बापाकडून एक असा जनुकांच्या द्वारे येतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात व त्यांस काही ठाऊक नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी असण्याचा संभव ४ पैकी १ असतो. ह्यात पाप कोणाचे? कोणाचेच नाही. (जवळच्या नात्यात लग्न झाल्यास दोघांत एकच दोष असण्याचा संभव वाढतो, हे मात्र सोयरीक जुळविताना ध्यानात घ्यावे.)

त्या दोन मुलांची बुडालेली वाढ भरून आली नाही. उत्तर उशिरा मिळाले. परंतु ते व्यर्थ गेले नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व त्याच्या सोबत्यांनी तो घटक कमी असलेला आहार एका लहान मुलीस दिला, आणि तिच्यात सुधारणा झाल्याचे १९५३ साली प्रसिद्ध केले. तेथेही मुलीची आई उपचारासाठी डॉक्टरांच्या मागे लागली होती. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री ह्याच्या स्वतःच्या मुलाची बुद्धि मंद होती व त्याच्या मेहुणीच्या मुलीस हाच विकार होता. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन तपासण्याची सोपी रीत त्याने काढिली व १९६३ साली प्रसिद्ध केली. आज अनेक देशांत प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी होते. आणि ज्यांस हा आहार आरंभापासून मिळतो ती मुले इतरांसारखी शिकतात.

४. आम्ही काय करावे? हा विकार विरळा आहे, आणि वाढ खुंटण्याची कारणे पुष्कळ आहेत. जन्मतः थायरॉइड ग्रंथीचे काम कमी असेल, तर रोजच्या एका गोळीने मेंदूचे रक्षण होते. पण ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाली पाहिजे. ज्यास आपण मठ्ठ म्हणतो ते मूल कदाचित बहिरे असेल. म्हणून उशीर करू नये.

पाच महिन्यांचे मूल मान धरीत नसेल, नऊ महिने उलटूनही आधारावाचून बसत नसेल, दीड वर्षानंतर चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, अथवा येत असलेले बोलणे विसरले असेल, तर “बापही उशिराच बोलला होता” असे म्हणून वाट पाहू नये. अंगणवाडीत व प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. सन २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते व गरज पडल्यास पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवितात.

जाताना एक वही बरोबर असावी : बाळंतपण कसे झाले, बाळ लगेच रडले काय, कोणती गोष्ट केव्हा करू लागले, फेफरे केव्हा व किती वेळ येते, घराण्यात असे आणखी कोणी आहे काय. आईस लिहिता येत नसेल तर उपदेशकाने लिहून द्यावे. शक्य असल्यास मंडळीतील एकाने बरोबर जावे, व एकाने घरच्या इतर मुलांस व गुराढोरांस सांभाळावे.

कित्येक घरांस सर्व तपासण्या होऊनही उत्तर मिळणार नाही. तेव्हा मंडळीने नवे उत्तर रचू नये. ते मूल उपासनेस यावे, त्याचे नाव घेऊन प्रार्थना व्हावी, आणि त्याची आई पुढल्या बाकावर इतरांसारखी बसावी. कारण कळो वा न कळो, ते लेकरू प्रभूचे आहे.

विचारासाठी प्रश्न :
१. शिष्यांचा प्रश्न व प्रभूचा प्रश्न ह्यांत भेद कोणता?
२. जन्मांधाच्या आईबापांस कशाचे भय होते? आमच्या गावी ते भय कोणास आहे?
३. आपल्या मंडळीत अशी मुले किती आहेत? त्यांच्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : ज्यांस अजून उत्तर मिळाले नाही असे आईबाप, आणि त्यांची लेकरे.