रक्तांतील विळा : पेशींविषयीं एक पाठ

सातपुड्याच्या पायथ्याच्या, मेळघाटाच्या व गडचिरोलीकडच्या गांवांतून जे उपदेशक फिरतात त्यांस पुढील प्रकारचें घर परिचयाचें असेल. घरांतील एक मूल वारंवार आजारी पडतें. त्याचे सांधे व हाडें असह्य दुखतात, डोळे पिवळे दिसतात, अंगांत रक्त राहत नाहीं. भावंडें मात्र धडधाकट असतात. शेजारी म्हणतात, बाहेरचें आहे. भगत म्हणतो, कुळाला शाप आहे. आणि सासू सुनेकडे बोट दाखविते कीं, हिच्या माहेरून हें आलें. बाप्तिस्मा झालेल्या घरांतही हा प्रश्न थांबत नाहीं. तो केवळ निराळ्या शब्दांनीं विचारला जातो : हें कोणाच्या पापामुळें? योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांधाविषयीं हेंच विचारलें, आणि प्रभूनें तो दोष त्या माणसावर किंवा त्याच्या आईबापांवर ठेवूं दिला नाहीं, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु दोष कोणाचा नाहीं एवढें सांगून उपदेशकाचें काम भागत नाहीं. आई पुढें विचारते, मग हें आलें कोठून? त्याचें उत्तर आज देतां येतें. तें समजण्यास प्रथम पेशी म्हणजे काय हें शिकलें पाहिजे, म्हणून या पाठाचा पुष्कळसा भाग आम्ही तिकडेच लावीत आहों.

विदर्भाकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशी म्हणतात. तिच्याशीं येथें कांहीं संबंध नाहीं. सजीवाच्या देहाचा जो अत्यंत लहान, पण स्वतः जिवंत असा घटक, त्यास शास्त्रांत पेशी म्हणतात. कांदा कापतांना दोन पाकळ्यांच्या मधून जो पातळ पापुद्रा निघतो तो कांचेवर पसरून, वर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तर विटांची भिंत रचल्यासारखी आकृति दिसते. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी, व तिच्यांत जो ठळक ठिपका दिसतो तें तिचें केंद्रक. जवळच्या ज्या हायस्कुलांत हें यंत्र असेल तेथें शब्बाथशाळेच्या मोठ्या मुलांना घेऊन एकदां अवश्य जावें. पुस्तकांतील चित्रापेक्षां हें पाहणें शतपट चांगलें.

सन १६६५ मध्यें रॉबर्ट हूक या इंग्रज गृहस्थानें बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप पाहिला तेव्हां त्याला मधाच्या पोळ्यासारखीं रिकामीं घरें दिसलीं, व त्यानें त्यांस लहान खोली या अर्थाचें नांव दिलें. तीं मेलेल्या पेशींचीं भिंताडें होतीं. पुढें थोड्याच वर्षांनीं हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून तळ्याच्या पाण्यांत पोहणारे एकपेशीय जीव पाहिले. १८३१ मध्यें रॉबर्ट ब्राउन यानें केंद्रकाकडे लक्ष वेधलें. १८३८ व १८३९ मध्यें श्लायडेन व श्वान या जर्मन पंडितांनीं वनस्पति व प्राणी हे दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत असें प्रतिपादिलें. पण आमच्या विषयास सर्वांत महत्त्वाचें वचन १८५५ मध्यें फिर्खो नांवाच्या जर्मन डॉक्टरानें मांडलें. त्याचा आशय असा कीं, प्रत्येक पेशी ही आधींच्या पेशीपासूनच जन्मते. आपोआप, मातीतून वा वाऱ्यांतून पेशी उत्पन्न होत नाहीं. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें कामास येईल.

आतां पेशीच्या आंत जाऊं. तिच्याभोंवतीं एक अतिशय पातळ पटल असतें. तें नुसतें कुंपण नव्हे, तर दारावरचा शहाणा पहारेकरी आहे : पाणी, साखर, क्षार यांपैकीं कोणास आंत घ्यावें व कोणास बाहेर घालवावें याची तें निवड करतें. वनस्पतीच्या पेशीस या पटलाच्या बाहेर आणखी एक टणक भिंत असते. म्हणून हाडें नसतांही ज्वारीचें ताट उभें राहतें. आंत दाट, पाणीदार असा पेशीरस असून त्यांत निरनिराळीं कामें करणारे बारीक अवयव असतात. तंतुकणिका अन्नांतील शक्ति मोकळी करून पेशीस पुरवितात, जणूं घरांतील चूल. हिरव्या पानांच्या पेशींत हरितलवकें असतात. तीं सूर्यप्रकाशांत हवा व पाणी यांपासून साखर तयार करतात, आणि आपल्या सर्वांच्या ताटांतील अन्न अखेर तेथूनच येतें. रायबोसोम नांवाचे कण प्रथिनें घडवितात.

बहुतेक पेशींत या सर्वांच्या मध्यें केंद्रक असतें. त्यांत अत्यंत बारीक सूत्रें आहेत, त्यांस गुणसूत्रें म्हणतात. मनुष्याच्या पेशींत तीं ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. ही गणती १९५६ मध्यें निश्चित झाली. प्रत्येक सूत्र डीएनए नांवाच्या पदार्थाचें असून त्यांत अवघ्या चार अक्षरांच्या लिपींत एक लांबच लांब लेख लिहिल्यासारखा आहे. कोणतें प्रथिन कसें घडवावें याच्या आज्ञा त्या लेखांत असतात. यकृताची पेशी, डोळ्याची पेशी, कातडीची पेशी, सर्वांजवळ तोच लेख. पण जिला जें काम नेमून दिलें तितकाच भाग ती वाचते. पौलानें करिंथकरांस शरीर व अवयव यांचा जो दृष्टांत दिला तो येथें आपसुक आठवतो. स्नायूंच्या पेशी लांबट असून आखडतात, म्हणून हात हालतो. मज्जापेशींचे तंतु मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोंचतात. आणि अमीबासारख्या जीवांत मात्र एकच पेशी खाणें, चालणें, वाढणें सर्व कांहीं करते.

मनुष्याच्या देहांत सुमारें ३० लक्ष कोटि पेशी आहेत असा अंदाज आहे, आणि या सर्वांचा आरंभ एकाच पेशीपासून झाला. आईचें बीज व बापाचें बीज मिळून जी एक पेशी होते ती दुभंगून दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, असें होत मूल घडतें. हें दुभंगणें म्हणजे मडकें फुटण्यासारखें नव्हे. तसें असतें तर लेखाचा अर्धा भाग इकडे व अर्धा तिकडे गेला असता, आणि दहा पिढ्यांत कांहींच उरलें नसतें. म्हणून पेशी प्रथम आपल्या संपूर्ण लेखाची नक्कल करते. नक्कल पुरी झाल्यावर सूत्रें आखूड व जाड होतात. प्रत्येक सूत्र आतां आपल्या जुळ्यास चिकटलेलें असतें. केंद्रकाचें आवरण विरघळतें. सर्व सूत्रें पेशीच्या मधोमध रांगेत उभीं राहतात, आणि दोन टोंकांकडून आलेले बारीक धागे प्रत्येक जुळ्यांतील एकास या बाजूला व दुसऱ्यास त्या बाजूला ओढून नेतात. मग दोन्हीकडे नवीं आवरणें येतात, प्राण्याची पेशी मधून आवळली जाते, वनस्पतीच्या पेशींत मध्यें नवी भिंत उभी राहते, आणि एका पेशीच्या दोन होतात, दोघींजवळ सबंध लेख. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानें सूत्रांस रंग चढवून हा सर्व सोहळा पाहिला व १८८२ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. विळ्यानें कापलेलें बोट भरून येतें, नांगरटींत सोललेला तळहात नव्या कातडीनें झांकला जातो, तें याच क्रियेनें. ही क्रिया बेलगाम झाली म्हणजे कर्करोग होतो. तंबाखू व मिश्री यांनीं तोंडाच्या पेशींस तसें वळण लागूं शकतें, हें आमच्या भगिनींनीं विसरूं नये.

विभाजनाचा दुसरा एक प्रकार आहे, तो केवळ बीजपेशी तयार होतांना घडतो. त्यांत प्रत्येक जोडींतील एकच सूत्र एका बीजास मिळतें, म्हणून आईच्या बीजांत २३ व बापाच्या बीजांत २३ सूत्रें असतात आणि दोन्ही मिळून पुनः ४६ होतात. जोडींतील कोणतें सूत्र कोणत्या बीजांत जाईल हें कोणाच्या हातीं नाहीं. आईबापांकडून लेंकराला सारखाच वाटा येतो, हेंही येथें स्पष्ट होतें. सूत्रांच्या अकराव्या जोडीवर आतां लक्ष द्यावें, कारण आरंभींच्या घरांतील दुखण्याचें मूळ तेथें आहे.

आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी चपट्या, मध्यें दबलेल्या व अतिशय लवचीक असतात. त्यांत हिमोग्लोबिन नांवाचें प्रथिन भरलेलें असतें व तें फुप्फुसांतून प्राणवायु घेऊन सर्वत्र पोंचवितें. या पेशी हाडांतील मगजांत तयार होतात, सुमारें १२० दिवस राबतात व मग मोडल्या जातात. विशेष हें कीं, पक्व झालेल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतें. तें मगजांतच टाकून दिलेलें असतें. मग जिच्याजवळ लेखच नाहीं तिच्यांत जन्माचा दोष कसा आला? येथें फिर्खोचें वाक्य कामास येतें : ती पेशी मगजांतील दुसऱ्या पेशीपासून झाली, त्या पेशीजवळ लेख होता, आणि दोष त्या लेखांत होता.

दोष केवढा म्हणाल तर एका अक्षराचा. 'भाकर' लिहितांना शेवटल्या अक्षराच्या जागीं ड पडला कीं 'भाकड' होतें, तसाच हा प्रकार आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळींत १४६ कड्या असतात. त्यांपैकीं सहावी कडी बदलली आहे, हें १९५७ पर्यंत इन्ग्राम यानें दाखवून दिलें. एवढ्यानें काय होतें? प्राणवायु सोडून दिल्यावर हें बदललेलें हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून काठ्यांसारखें ताठ होतें आणि पेशी वांकून विळ्यासारखी बनते. असल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त तुंबतें, आणि हाडांत, सांध्यांत, पोटांत भयंकर कळा येतात. त्या १२० दिवसांच्या ऐवजीं १० ते २० दिवसांतच मोडतात; म्हणून अंगांत रक्त राहत नाहीं व डोळे पिवळे होतात. शिकागो येथील डॉक्टर हेरिक यांनीं १९१० मध्यें वेस्ट इंडीजच्या ग्रेनाडा बेटांतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत अशा पेशी पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. आपल्या देशांत १९५२ मध्यें निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत त्या आढळल्या. या रोगास सिकलसेल म्हणतात, म्हणजे विळ्याच्या आकाराची पेशी.

ज्याच्या जोडींतील एकच सूत्र सदोष आहे तो वाहक. तो सहसा आजारी पडत नाहीं, आणि आपण वाहक आहों हें त्याला तपासणीवांचून कळतही नाहीं. ज्याचीं दोन्ही सूत्रें सदोष तो रोगी. आतां दोन वाट्या घ्याव्या. प्रत्येकींत ज्वारीचा एक दाणा व तुरीचा एक दाणा टाकावा. तूर म्हणजे सदोष सूत्र. एक वाटी आईची, एक बापाची. दोघेही वाहक, दोघेही धडधाकट. डोळे मिटून प्रत्येक वाटींतून एकेक दाणा उचलावा, लिहून ठेवावें, दाणे परत टाकावे व पुनः उचलावे. पुष्कळ वेळां असें केलें म्हणजे दिसेल कीं, सरासरीनें चारांत एकदां ज्वारी-ज्वारी, चारांत दोनदां मिश्र, व चारांत एकदां तूर-तूर येते. तूर-तूर आली तें मूल रोगी. पण एक मूल रोगी झालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं असें नव्हे. प्रत्येक गर्भाच्या वेळीं वाट्या नव्यानें भरलेल्या असतात. आणि तूर-तूर येण्यास दोन्ही वाट्यांतून तूर यावी लागते. एकट्या सुनेच्या माहेरून हा रोग येऊं शकत नाहीं. ज्या सासूनें बोट दाखविलें तिच्या मुलाच्या वाटींतही एक तूर आहे, व ती त्याला त्याच्या आईकडून किंवा बापाकडूनच मिळाली. हा दाण्यांचा पाठ उपदेशकांनीं बायकांच्या सभेंत व पुरुषांच्याही सभेंत करून दाखवावा. आमच्या मतें पुरुषांच्या सभेंत त्याची गरज अधिक आहे.

मग हा दोष इतका पसरला कसा? वाहकास हिंवतापाच्या तीव्र प्रकारापासून पुष्कळ संरक्षण मिळतें. जेथें हिंवताप पिढ्यान्पिढ्या माजला होता तेथें वाहक अधिक जगले, व त्यांचें सूत्र त्यांच्या लेंकरांत आलें. ज्यास भगत शाप म्हणतो त्याच्या अर्ध्यानें त्या कुळांतील कित्येक बालकांचे प्राण वांचविले असतील.

रोग्यानें वारंवार पाणी प्यावें. उन्हांत तहानलेलें राहूं नये, थंड पाण्यांत फार वेळ उभें राहूं नये, दम तुटेपर्यंत ओझें वाहूं नये. ताप आला, धाप लागली किंवा कळ थांबेना तर अंगारा-धुपाऱ्यांत दिवस न घालवितां दवाखाना गांठावा. हायड्रॉक्सियुरिया नांवाच्या औषधानें पुष्कळांच्या कळा कमी होतात; तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें असतें. लोहाच्या गोळ्याही त्यांस विचारल्यावांचून देऊं नयेत. ता. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहाडोल येथें या रोगाच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यास आरंभ झाला. त्यांत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी ठरविली आहे. लग्न ठरविण्यापूर्वीं दोन्हीं पक्षांनीं ती करून घ्यावी. दोघे वाहक निघाले तर त्यांस कोणी पापी ठरवूं नये व त्यांची नांवें चव्हाट्यावर नेऊं नयेत. पुढें काय तें डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यांनीं स्वतः ठरवावें. आणि अशा घरीं मूल जन्मलें तर तें गुटगुटीत दिसतें म्हणून निश्चिंत राहूं नये. जन्मतांना बाळाच्या रक्तांत निराळ्या प्रकारचें हिमोग्लोबिन असतें, त्यामुळें पहिले पांच-सहा महिने रोग लपलेला राहतो. म्हणून कळा सुरू होण्याची वाट न पाहतां त्याचें रक्त आधींच तपासून घ्यावें.