शहाबादी फरशीची निगा

धाराशिव जिल्ह्यात ग्रामपंचायतीचे व्यापारी गाळे असोत, आडत दुकाने असोत की तुळजापुरातील हळद-कुंकवाची दुकाने, पायाखाली अनेक ठिकाणी शहाबादी फरशी आढळते. शेजारच्या कलबुरगी जिल्ह्यातील शहाबाद परिसराचा हा चुनखडक. दिसावयास तो घट्ट असला, तरी त्यातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी, तेल व रंग आत शिरतात.

तथापि, या फरशीचे सर्वाधिक नुकसान वर्दळीपेक्षा सफाईच्या ॲसिडने होते. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडताच फेस येतो आणि मळ निघाल्याचे समाधान वाटते. वस्तुतः दगडच विरघळत असतो. पाहुणे येणार म्हणून एका कचेरीची फरशी अशी धुतलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. त्या दिवशी ती लख्ख दिसली. पुढील पावसाळ्यात चिखलाचे प्रत्येक पाऊल तिच्यावर उमटून राहिले. खरखरीत झालेला दगड अधिक मळ धरतो, म्हणून पुन्हा ॲसिड मागविले जाते! दही, ताक, लिंबू, चिंच यांचाही परिणाम तोच, केवळ सावकाश.

रोजच्या सफाईस सौम्य साबणाचे पाणी पुरेसे आहे. वाळूतील गारगोटीचा कठीणपणा 7, तर चुनखडकातील कॅल्साइटचा 3. त्यामुळे दारातील जाड पायपुसणे व कोरडा झाडू यांचे मोल मोठे आहे.

भूम परिसरातील खवा-पेढ्यांच्या दुकानांत तुपाचे डाग ठरलेलेच. त्यावर साबणाच्या पाण्यात कालवलेल्या मुलतानी मातीचा जाड लेप द्यावा व तो पूर्ण वाळल्यावर काढावा. वाळताना माती तूप शोषून घेते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, मात्र उन्हात फिकटतो.

संरक्षक द्रव्य लावण्यापूर्वी चमचाभर पाणी फरशीवर टाकून पाहावे. काही मिनिटांत तेथील दगड काळवंडला, तर तो पाणी शोषतो असे समजावे. सिलेन-सिलॉक्झेन वर्गातील द्रव्य छिद्रे न बुजविता पाणी अडविते व आतील ओल वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देते. तेल सांडणाऱ्या जागी फ्लोरिनयुक्त प्रकार घ्यावा. आम्लापासून मात्र यांपैकी कोणतेही द्रव्य दगडाला वाचवीत नाही. वार्निश टाळावे, ओल खाली कोंडते, लोणा फुटतो व पापुद्रे निघतात. द्रव्य लावताना फरशी पूर्ण कोरडी हवी, म्हणून हे काम उन्हाळ्यात, गाळे बंद असण्याच्या दिवशी करावे. वर्षभराने चमच्याची तीच परीक्षा पुन्हा घ्यावी.