बोटीवर चढण्याआधी

ज्यांना बोटीवर चढूच दिलं नाही, त्यांच्यापासून सुरुवात करते. नाशिकचं एक जोडपं, आमच्याच टूरमधलं. अथेन्सच्या पिरिअस बंदरात चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने त्यांचे पासपोर्ट उघडले, शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर एका जागी नखाने टकटक केलं आणि मान हलवली. प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ छापलेलं होतं. आमची बोट पिरिअसहून मिकोनोस, मग तुर्कस्तानातलं कुशादासी, तिथून ग्रीसची आणखी बेटं आणि शेवटी पुन्हा पिरिअस अशी जाणार होती. तुर्कस्तान शेंगेनबाहेर. तिथे जाऊन परत ग्रीसमध्ये यायचं म्हणजे दुसरा प्रवेश, आणि तो यांच्याकडे नव्हता. ‘आम्ही कुशादासीला खाली उतरणारच नाही, खोलीतच बसून राहू,’ असंही काकांनी म्हणून पाहिलं. ते चालत नाही. बोट बाहेर गेली की तुम्हीही गेलात.

एजंटने फोनवर सांगितलं, अर्ज मल्टिपलचाच केला होता, दूतावासाने सिंगल दिला. खरंही असेल. पण पासपोर्ट निघण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कचेरीत येऊन पडले होते आणि उघडून बघायचं काम कोणीच केलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. तिकिटाच्या अटींप्रमाणे कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, आणि कागद अपुरे म्हणून बुडालेली सहल प्रवास विमाही सहसा भरून देत नाही. तेव्हा बोटीचा मार्ग नकाशावर बघा. मधलं एक जरी बंदर शेंगेनबाहेरचं असेल, तर व्हिसाच्या अर्जाला बोटीचा पूर्ण कार्यक्रम जोडून मल्टिपल एंट्री मागा, आणि पासपोर्ट आला की त्याच दिवशी तो रकाना स्वतः वाचा. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा, तोही आधीच विचारून ठेवायचा.

जाहिरातीत क्रूझला तरंगतं हॉटेल म्हणतात आणि पैसे मोजलेला माणूस त्याच थाटात चढतो. हॉटेलात मॅनेजरशी वाद घालता येतो. इथे कायदा, घड्याळ आणि वारा हे तिघे प्रवाशाच्या वरचे, आणि त्यांच्यापुढे कप्तानाचंही फार चालत नाही. माझ्या पाहण्यात ज्यांची ज्यांची फजिती झाली, त्यांना आपण बोटीवर आहोत याचाच विसर पडला होता.

बोट सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोचायचं, हा बेत कितीही स्वस्त पडला तरी करू नका. मुंबईहून अथेन्सला बहुतेक जण आखातात किंवा इस्तंबूलला विमान बदलून जातात. एक जोडविमान हुकलं की बोट गेली. आदल्या दिवशी जाऊन अथेन्समध्ये मुक्काम करा. विमानतळावरून थेट पिरिअसला जाणारी बसही आहे आणि मेट्रोही. मात्र क्रूझ टर्मिनल मेट्रो स्टेशनपासून लांब आहे, बॅगा असतील तर पुढे टॅक्सीच करावी. आणि त्या मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात ठेवावं. आपल्या लोकलमध्ये शिकलेली सावधगिरी तिथे कामी येते.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी कधीकधी संध्याकाळी उशिरा येतात. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. माझ्या ताईची बॅग तर रात्रीपर्यंत आली नाही, कारण तीत इलेक्ट्रिक किटली होती. किटली, इस्त्री, कॉइल असं काहीही गरम होणारं चालत नाही. समुद्रात आग लागली तर अग्निशमनाचा बंब बोलवायचा कुठून? सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शनवरही बऱ्याच बोटींवर बंदी असते. किटली जप्त झाली, पावती मिळाली, उतरताना परत मिळाली. चहा मधल्या काळात बुफेचाच. तो वाईट होता, हे मान्य करायला हवं.

खाऊचंही तसंच. घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, कंपनीच्या बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो. तो खोलीत खायचा. बंदरावर उतरताना फळं किंवा सँडविच घेऊन जाणं अनेक देशांत गुन्हा ठरतं. हिवाळ्यात दुबईहून सुटणाऱ्या बोटींवर आपली माणसं दिवाळीचा फराळ घेऊन जातात म्हणून एवढं सांगते: संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही. अनारसे घरीच ठेवा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, जैन जेवण हवं असेल तर नक्कीच, आणि पहिल्या रात्री डायनिंग रूमच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. आदल्या दिवशी सांगितलं तर ते डाळ-भातही करून देतात. वाढणाऱ्यांमध्ये एखादा गोव्याचा मुलगा निघतोच. आमचा मडगावचा होता. त्याच्याशी कोकणीत दोन शब्द बोला, पण ‘आमच्यासाठी जरा वेगळं’ असं दर जेवणाला मागू नका. ही मुलं सहा-सहा, नऊ-नऊ महिने सुट्टीशिवाय राबतात.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते. बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. हल्ली बऱ्याच बोटींवर फोनवर किंवा टीव्हीवर फिल्म बघायची आणि नेमून दिलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं, एवढंच उरलंय. आमच्यातले निम्मे लोक तेव्हा बुफेच्या रांगेत होते, त्यांची नावं लाउडस्पीकरवरून पुकारली गेली. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिविताव्हेकिया बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावी लागते. आणि आपल्याला इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं बुडाली. माझी आई वेंगुर्ल्याची. पुढे कित्येक वर्षं घरातलं कोणी बोटीने निघालं की तिच्या माहेरी ते नाव हळू आवाजात निघायचं. म्हणून बुफे थांबू द्या. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा लक्षात ठेवा, आणि खोलीपासून आपल्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

बोट लागण्याबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. ‘एवढी मोठी बोट, हलत नाही,’ हे एक टोक. हलते. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, स्वच्छ निळ्या आकाशाखाली, आणि दुसऱ्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावरची माणसं एकेक करून उठून गेली. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी खोली बुक करतानाच विचार करावा: बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली खोली फोटोत सुंदर आणि वाऱ्यात भयंकर. डिस्को किंवा पोहण्याच्या तलावाच्या बरोब्बर खालची खोलीही नको. पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत पडावं लागतं. अव्होमिनसारखी गोळी पोटात ढवळायला लागल्यावर उपयोगाची नसते, आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, दारूबरोबर ती चालत नाही, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकी आलेपाक, आवळासुपारी, कोरडी बिस्किटं, आणि डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघणं. पोट रिकामं ठेवलं की त्रास वाढतो, हे आई सांगायची ते बोटीवरच्या नर्सनेही सांगितलं. त्या नर्सच्या खोलीत पाय ठेवला की बिल युरोत किंवा डॉलरमध्ये चढतं. ते आधी आपण भरायचं आणि विम्याकडे नंतर मागायचं, तेव्हा प्रत्येक कागद जपा. विमा घेताना क्रूझ आणि बोटीवरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्या.

पैशांचा हिशेब फसवा असतो, कारण रोख कुठेच द्यावी लागत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, सही करायची. रोज माणशी सेवाशुल्क लागतं, ते अनेक बोटींवर १५ ते २० डॉलरच्या घरात जातं, आणि पेयांवर त्याशिवाय वेगळी टक्केवारी. बुकिंगच्या किमतीत हे धरलंय का, ते आधी विचारा. जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर करही लावलाय. सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो. रोज रात्री टीव्हीवर किंवा ॲपवर आपलं बिल बघावं. शेवटच्या सकाळी काउंटरवर लागणारी रांग ज्यांनी पाहिलीय ते हे निमूटपणे करतात. हमीसाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर अडवलेली रक्कम सुटायला दिवस जातात आणि तेवढ्यात पुढच्या प्रवासाचे पैसे अडकतात.

आणि मोबाइल. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की तिचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क सुरू होतं, ते तुमच्या परदेशी रोमिंग पॅकमध्ये सहसा नसतं. माझ्या भावोजींचा फोन रात्रभर खिशात गपचूप मेल उतरवून घेत होता. डोंबिवलीला परतल्यावर जे बिल आलं त्यावर ते अजून बोलत नाहीत. चढल्याबरोबर फोन फ्लाइट मोडवर टाका आणि हवं तर बोटीचं वायफाय घ्या.

सँटोरिनीला बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि गावातल्या लहान बोटी येऊन माणसं नेतात. वेंगुर्ल्याला पडावातून उतरलेली पिढी हे हसत हसत करेल. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र जपून, दोन बोटींच्या मधल्या फटीत पाय न टाकता, खलाशी हात देईल तेव्हाच पलीकडे पाऊल टाकावं. खाली उतरल्यावर फिरा नावाचं गाव वर कड्यावर. वर जायला केबल कार, गाढवं, किंवा ५८० च्या वर पायऱ्या. पायऱ्यांवरून गाढवंही जातात, त्यामुळे त्या निसरड्या असतात. वर जाताना कोणी चुकत नाही. परतीच्या वेळी तीन-चार बोटींचे प्रवासी एकदम केबल कारच्या रांगेत उभे राहतात आणि ती रांग तासाभराची होते. शेवटच्या लहान बोटीच्या वेळेआधी निदान दोन तास खाली निघावं. सूर्यास्त बघायचाच असेल तर तो बोटीवरून बघा, तिथून जास्त छान दिसतो.

वेळेची एवढी काळजी अशासाठी, की उशिरा येणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही. बोटीच्याच सहलीला गेलात आणि बस अडकली तर थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर तुमचं तुम्ही. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले आणि त्यांना मागे टाकून बोट निघून गेली. बातमी जगभर गाजली. कुशादासीला आमच्यातल्या दोघींना गालिच्याच्या दुकानदाराने चहावर चहा पाजून बसवून ठेवलं होतं, एफेसस बघून झाल्यावर. त्या धावत आल्या तेव्हा खलाशी शिडी काढायच्या बेतात होते. उन्हाळ्यात निदान ग्रीस आणि तुर्कस्तानची घड्याळं जुळतात. ऑक्टोबरअखेर ग्रीस घड्याळ एक तास मागे घेतो, तुर्कस्तान घेत नाही, आणि फोन आपोआप वेळ बदलतो. म्हणून मनगटावर एक साधं घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवावं. बंदरावरच्या बोटीच्या एजंटचा नंबर रोजच्या पत्रकात छापलेला असतो, त्याचा फोटो काढून मगच उतरावं.

मिकोनोस आम्हाला दिसलंच नाही. वारा वाढला, कप्तानाने सकाळी जाहीर केलं आणि बोट पुढे निघाली. लोक रिसेप्शनवर भांडायला गेले. तिकिटाच्या अटींत हे लिहिलेलं असतं. फार तर बंदराचे कर परत मिळतात. एखादं बेट बघायचंच आहे म्हणून जात असाल, तर साधी फेरी घेऊन तिथे राहायला जा, क्रूझ नको.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात खाली जातात. सकाळचे कपडे बाजूला काढून ठेवा. पुण्याच्या एका गृहस्थांनी नीटनेटकेपणाने सगळं भरलं, अगदी पँटसुद्धा, आणि सकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिले. परतीचं विमान दुपारनंतरचं घेतलेलं होतं म्हणून बॅग शोधून कपडे बदलायला वेळ मिळाला. सकाळचं असतं तर मुंबईला तसेच उतरले असते.