ताटाजवळचा सुदस्सन
(आरोग्य पान : वर्षावास विशेष पाठ)

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. दिवसभर सोयाबीनच्या निंदणाला, डवरणीला जाऊन आलेले उपासक-उपासिका हातपाय धुऊन विहारात येतात, वंदना घेतात आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकतात. हे तीन महिने मनाला वळण लावण्याचे आहेत. तेच शरीरालाही वळण लावण्याचे करता येतील. त्यासाठी मोठा संकल्प नको, पैसाही नको. एक लहान सवय आणि तिची रोज आठवण करून देणारे घरातले एक माणूस, एवढे पुरे. ही युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे.

राजा पसेनदीचे जेवण

संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. राजाला खाण्याची फार आवड. एकदा तो भरपेट जेवून, धापा टाकतच भगवंतांकडे आला. त्याची अवस्था पाहून भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत, उपवासही सांगितला नाही. सावध राहून, आपले प्रमाण ओळखून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो, एवढ्याच अर्थाची एक लहानशी गाथा त्यांनी म्हटली.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मला जेवण वाढले की माझ्यासमोर म्हणत जा. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देण्याचे राजाने कबूल केले. सुदस्सनाने ते काम नेमाने केले. राजाचा आहार हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी एका मापभर भातावर येऊन स्थिरावला. अंग हलके झाले. पुढे राजा आपल्या अंगावरून हात फिरवीत म्हणाला की, भगवंतांनी माझ्यावर मोठी करुणा केली.

या गोष्टीतून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली : भगवंतांनी एकच गोष्ट सांगितली. आपण मात्र एक जानेवारीला किंवा जयंतीला दहा संकल्प करतो आणि आठवड्यात दहाही मोडतात.

दुसरी : आठवण ताटाला बांधलेली होती. ताट रोज वाढले जाते, म्हणून आठवणही रोज झाली. नवी सवय अशीच रोजच्या एखाद्या कामाला बांधावी.

तिसरी : आहार एका दिवसात कमी झाला नाही, हळूहळू झाला.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आठवण करून देणाऱ्यावर राजा चिडला नाही, उलट त्याला मोबदला दिला. आपल्या घरात बायको म्हणाली, "अहो, आज खर्रा नको," तर तिच्यावर डोळे वटारले जातात. लेक म्हणाली, "आजी, चहात साखर कमी घे," तर "तू मला शिकवते का?" असे ऐकावे लागते. राजाला जे जमले ते आपल्याला का जमू नये? घरातल्या सुदस्सनाला मान दिला, तरच सवय टिकते.

बाबासाहेबांचे दुखणे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना दारू-तंबाखूचे व्यसन नव्हते. तरीही मधुमेहाने त्यांना गाठले. शेवटच्या वर्षांत पायांचे दुखणे वाढले, दृष्टी मंदावली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि दोन महिने पूर्ण होण्याआधीच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय अवघे ६५. विहारात आपण वाचतो तो ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. छापून आलेला तो ग्रंथ पाहायला बाबासाहेब राहिले नव्हते.

यातून दोन गोष्टी समजून घ्याव्यात. शुगर होणे हा काही गुन्हा नाही, ती कोणालाही होऊ शकते, म्हणून लपवू नये. आणि आजच्यासारखी सोपी तपासणी व इतकी औषधे त्या काळी नव्हती. आज ती गावाजवळ असताना आपण वापरली नाहीत, तर दोष कोणाचा?

कोणती सवय धरावी?

खालीलपैकी एकच निवडा. तीन महिन्यांनंतर दुसरी घ्या.

१. चहातील साखर. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर असते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे रोजची ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास, तीही एका माणसाची. दिवसभरातली अशी वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साखर एकदम बंद करू नका. पहिल्या पंधरवड्यात दोनऐवजी दीड चमचा, नंतर एक. जीभ आपोआप सरावते. चहा करणारी व्यक्ती हीच इथली सुदस्सन.

२. मीठ. एका मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा मीठ पुरते. याहून जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. हिशेब सोपा आहे. घरात चार मोठी माणसे असतील, तर १ किलोचा पुडा किमान ५० दिवस जायला हवा. पुडा आणला त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. महिन्याच्या आत संपत असेल तर मीठ जास्त होते आहे. भाकरीच्या पिठात मीठ घालू नये, ताटात वरून घेऊ नये. ठेचा, लोणचे, पापड, शेव यांपैकी एका जेवणाला एकच वस्तू घ्यावी.

३. खर्रा. विदर्भातले हे मोठे दुखणे आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा हातोहात फिरतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, हे लक्षात ठेवा. स्वतःची तपासणी अशी करा : तोंड उघडून आपली तीन बोटे उभी आत जातात का ते पाहा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातला फोड दोन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. सोडताना दिवसातला पहिला खर्रा आधी सोडा. तलफ आली की पाणी प्या, तोंडात बडीशेप धरा, दहा मिनिटे दुसऱ्या कामात घालवा. तलफ ओसरते. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत फोन आहे.

४. पाय आणि चालणे. शेतात राबणाऱ्यांचे शरीर हलते. पण शिलाई मशीन, दुकान, ऑटो किंवा खुर्चीवर ज्यांचा दिवस जातो, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटे वस्तीत फेरी मारावी. जेवणानंतर चालल्याने रक्तातील साखर कमी चढते. ज्यांना शुगर आहे त्यांनी झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत. त्यांच्या पायांची जाणीव कमी होऊ शकते. काटा किंवा धसकट लागले तरी कळत नाही आणि जखम चिघळते. आजीला दिसत नसेल तर नातीने पाहावे. शुगरवाल्यांनी अनवाणी शेतात जाऊ नये.

दारूबद्दल एक सूचना. बावीस प्रतिज्ञांमध्ये मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातही ते आहेच. मात्र जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे धोके असतात. त्याला डॉक्टरांकडे न्या. दारू सोडण्यासाठी औषधे आहेत.

पौर्णिमा आणि तपासणी

रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. म्हणून ३० वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बी.पी. आणि शुगर तपासावी. आपल्या भागातील उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, ही तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा. बी.पी. वारंवार १४०/९० किंवा अधिक, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा अधिक आली, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. गोळ्या सुरू झाल्या की "आता बरे वाटते" म्हणून स्वतःच बंद करू नयेत. बरे वाटते ते गोळ्यांमुळेच. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहू नये.

विहार समितीने एक करावे. पौर्णिमेला वंदनेसाठी वस्ती जमतेच. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना त्या दिवशी विहारात येण्याची विनंती करावी. वंदनेनंतर बी.पी. मोजावे आणि आकडा ज्याने त्याने आपल्या वहीत लिहावा. एकटा माणूस दवाखान्याला घाबरतो, वस्तीबरोबर आला की घाबरत नाही.

सम्यक व्यायाम म्हणजे हेच

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम म्हणजे दंड-बैठका नव्हेत. योग्य प्रयत्न, असा त्याचा अर्थ. तो चार प्रकारचा सांगितला आहे : नसलेले वाईट येऊ न देणे, असलेले वाईट सोडणे, नसलेले चांगले आणणे आणि असलेले चांगले टिकवणे. घरात याचा अर्थ सरळ आहे. मुलाच्या हाती पहिला खर्रा जाऊ न देणे. आपला स्वतःचा सोडणे. जेवणानंतरची फेरी सुरू करणे. आणि ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी-तरोट्याची भाजी ही आपली चांगली सवय पाकिटातल्या खाऊपायी न मोडणे.

या वर्षावासाचा गृहपाठ

आज रात्री कुटुंबाने एकत्र बसावे. प्रत्येकाने एक सवय निवडावी. आपला सुदस्सन कोण, हे सर्वांसमोर सांगावे आणि त्याने आठवण दिली तर रागावणार नाही, असा शब्द द्यावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सवय पाळली त्या दिवशी खूण करावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. आश्विन पौर्णिमेला विहारात येताना ते कॅलेंडर सोबत आणावे, आणि आपल्या सुदस्सनाला सर्वांसमोर एक फूल द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!