घराण्याचा रोग की पोटातला जंतू?

पाड्यावर कोणी पोटाच्या कर्करोगाने दगावले, की लोक म्हणतात, “त्यांच्या घराण्यातच आहे.” मुलेही आपली पाळी येणारच असे धरून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही आईबापांच्या पापाविषयी विचारले होते (योहान ९). प्रभूने दोष कोणावर न ठेवता त्याला दृष्टी दिली. या आजाराकडेही तसेच पाहू या.

जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरेन यांनी १९८२ साली ओळखला. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगास कारण ठरतो असे जाहीर केले. त्याची लागण बहुधा बालपणी, घरातल्याच माणसांकडून होते. उल्हासनगरची दाटीची चाळ असो की अंबरनाथ-बदलापूरकडची वीटभट्टीवरची झोपडी, जिथे दाटी अधिक आणि स्वच्छ पाणी कमी, तिथे तो सहज पसरतो.

तरी लागण झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. मग काहींनाच का? तंबाखू, खारवलेले अन्न आणि जंतूचा प्रकार ही काही कारणे आहेत. जनुके हे आणखी एक. पेशींची दुरुस्ती करणारी काही जनुके कोणाकोणात जन्मतः सदोष असतात. जपानमधील २०२३ च्या अभ्यासात जंतू आणि असा दोष दोन्ही असलेल्यांना ८५ वर्षे वयापर्यंत सुमारे ४५ टक्के धोका दिसला; नुसता जंतू असलेल्यांना सुमारे १४ टक्के. जपानात हा कर्करोग भारतापेक्षा बराच जास्त आहे, म्हणून हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. शिकवण मात्र लागू आहे: वारशाने आलेले जनुक बदलता येत नाही, पण जंतू काढता येतो.

श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने, अथवा दुर्बिणीने तो कळतो. डॉक्टर साधारण १४ दिवसांच्या गोळ्या देतात. बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. दुकानातून मनाने आणूनही घेऊ नयेत.

ज्या घरात आईबाप किंवा भावंडाला हा कर्करोग झाला आहे, त्यांनी दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना तसे सांगावे. वजन घटणे, काळे शौच, वारंवार उलटी, घास अडकणे ही लक्षणे दिसताच उशीर करू नये.

मनन करा: आपल्या ओळखीत असे घर आहे का? त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल?