रायफल बदलण्याआधी डोळा तपासा

कोपरगावात रायफल म्हटलं की पूर्वी दोनच जागा डोळ्यांसमोर यायच्या. एक जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल आणि दुसरी कॉलेजातली एनसीसी. मग १ ऑगस्ट २०२४ चा दिवस उजाडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. मास्तरांच्या घरातला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा पोरगा ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहतो म्हटल्यावर आमच्याकडच्या पालकांच्याही मनात काहीतरी हललं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "सर, पोराला एअर रायफल घ्यायची म्हणतोय, कितीला पडेल?"

माझा त्यांना उलटा प्रश्न असतो, "पोराच्या चष्म्याचा कागद आहे का घरात?"

असं का विचारतो, ते सांगतो. एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती, तेवढ्या शिदोरीवर मी चाळिशीनंतर दहा मीटर एअर रायफलकडे वळलो. सुरुवातीला सगळंच विस्कळीत असतं, त्यामुळे काही खटकलं नाही. उभं राहणं जमलं, चाप हळू दाबायची सवय झाली आणि कागदावर एक गोष्ट वारंवार दिसायला लागली. डाव्या-उजव्या बाजूला छर्रे शिस्तीत असायचे, वर-खाली मात्र पसरायचे. एक नव्वात, पुढचा सातात, त्यापुढचा पुन्हा वर. ग्रुपिंग गोल व्हायच्या ऐवजी उभं लांबुळकं.

उभं पसरलेलं ग्रुपिंग पाहिलं की रेंजवरचा कुणीही जाणकार पहिल्यांदा श्वासाचं नाव घेतो, आणि ते रास्तच आहे. छाती वर-खाली होते तशी नळी वर-खाली होते. म्हणून मी श्वासावर काम केलं. नंतर छर्‍यांचा डबा बदलला, नळी साफ केली, खांद्याला टेकणारी बटप्लेट खाली-वर करून पाहिली. "वय झालं, हात स्थिर राहत नाही," असंही एकाने सुनावलं. शेवटी रेंजवरचे एक ज्येष्ठ म्हणाले, "रायफल वाळूच्या पिशवीवर ठेव आणि मार." पिशवीवर ना श्वास आड येत होता ना हात. तरी ग्रुपिंग उभंच पडलं. मग त्याच पिशवीवरून, त्याच रायफलने, त्याच डब्यातले छर्रे त्यांनी मारले. सगळे एका नखात मावतील असे. बंदूक सुटली, छर्रे सुटले. उरला माझा डोळा.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट करायला सांगितली. रायफल पिशवीवर तशीच राहू दे, मागच्या भोकातून पुढची माशी पाहा आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती कर. माझ्या माशीच्या रिंगणाची वरची आणि खालची कड दुहेरी, पुसट दिसत होती. मान कलती केली तशी ती पुसट जागाही फिरली. साइटवर धूळ असती, काच खराब असती, तर पुसटपणा जागेवरच राहिला असता. तो डोक्याबरोबर फिरतो, म्हणजे तो डोळ्यात आहे. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. प्रत्येकाने करून पाहावी.

चष्मा मला होता. पण तो करताना दुकानात मला सांगितलं गेलं होतं, "तिरका नंबर थोडा आहे, तो घातला की गरगरतं, सरासरी काढून साधाच देतो." अशी सरासरी काढता येते. तिरक्या नंबराचा निम्मा भाग साध्या नंबरात मिळवला की एसटीची पाटी वाचता येते, फळ्यावरचं दिसतं, पेपर वाचून होतो. रोजच्या व्यवहाराला तेवढं पुरतं. नेमाला पुरत नाही, आणि ते का हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

डोळ्याचा पारदर्शक पडदा सगळ्या बाजूंनी सारखा वळलेला असेल तर ठिपका ठिपकाच दिसतो. तो चमच्याच्या पाठीसारखा असेल, म्हणजे एका दिशेने जास्त वळलेला आणि दुसरीने कमी, तर प्रकाश एका जागी जमत नाही. ठिपका एका दिशेने ओढला जातो. पुसटपणा उभा ओढला गेला की उभ्या रेषा स्वच्छ दिसतात, आडव्या कडा विरघळतात. अशा माणसाला डावं-उजवं बरोबर कळतं, उंची कळत नाही. आडवा ओढला गेला तर उलट. तिरपा असेल तर ग्रुपिंगही तिरपं पडू शकतं. हा दोष थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यात मोजला होता. पुढे १८२५ मध्ये जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या डाव्या डोळ्यासाठी एकाच दिशेने वळवलेली, म्हणजे सिलिंडरची काच करून घेतली. आपल्या चष्म्याच्या कागदावरचा 'सिल' हा रकाना त्याच घराण्यातला.

आता आकडे पाहा. दहा मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि अख्खा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. मागचं भोक आणि पुढची माशी यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरा. माशी भोकाच्या मध्यापासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली आणि डोळ्याला ते कळलं नाही, तर कागदावर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो. दशांश गुणांच्या हिशेबात प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण, म्हणजे अर्धा गुण गेला. स्पर्धेत साठ छर्रे असतात आणि पात्रतेचा निकाल अनेकदा दशांशावर लागतो. कड दुहेरी दिसणारा डोळा मिलिमीटरचा दहावा भाग कुठून ओळखणार?

माझा दोष इतके दिवस पूर्ण उघडा का पडला नाही, याचंही कारण आहे. मॅच रायफलची मागची साइट म्हणजे बारीक भोक असतं, आणि बारीक भोकातून पाहिलं की कोणताही नंबर थोडाफार झाकला जातो. चष्मा विसरलेला माणूस मूठ अर्धवट मिटून तिच्या फटीतून पाटी वाचतो, तोच हा नियम. आमच्या हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून मी भोकाचा आयरिस मोठा उघडून बसलो होतो. भोक मोठं झालं आणि झाकलेला दोष बाहेर आला. पण म्हणून भोक वाटेल तितकं बारीक करणं हा उपाय नाही. फार लहान केलं की काळोख होतो आणि प्रकाश कडांवर पसरून रिंगण पुन्हा विरघळतं. बहुतेकांना एक ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास बरं दिसतं. आधी हॉलमधला उजेड सुधारा, मग आयरिसला हात लावा. एनसीसीच्या रायफलला किंवा जत्रेतल्या छर्‍याच्या बंदुकीला उघडी खाच असते. तिथे हे झाकणारं भोकच नाही, त्यामुळे तिरका नंबर तिथे लवकर कळतो, आणि संध्याकाळी बाहुली मोठी झाली की जास्तच.

आता नव्याने येणार्‍यांसाठी, अनुभवातून जे हाती लागलं ते.

नंबर काढायला जाताना 'नेमबाजीसाठी हवा आहे' हे आधी सांगा. मशीनवर निघालेला आकडा ही फक्त सुरुवात असते. समोर काचा फिरवून, 'ही बरी की ती बरी' विचारून सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस दोन्ही पक्के करून घ्या. लहान मुलांचा नंबर डोळ्यात थेंब घालून काढलेला चांगला. मात्र थेंबांचा अंमल उतरेपर्यंत सरावाला सुट्टी.

अ‍ॅक्सिस म्हणजे सिलिंडर किती अंशावर बसवायचा तो कोन. त्यात तडजोड नको. काच पाच अंश फिरली तर सुमारे १७ टक्के दोष परत येतो, दहा अंशांना सुमारे ३५ टक्के. तीस अंशांना तर सिलिंडर असून नसल्यासारखा. नेमबाजीच्या खास फ्रेममध्ये एकच गोल काच असते आणि पुसताना ती सहज फिरते. दुकानदाराकडून काचेच्या कडेला आडव्या रेषेच्या दोन खुणा करून घ्या आणि प्रत्येक सरावाआधी त्या जागेवर आहेत का पाहा.

खास फ्रेम परवडत नसेल तरी एक गोष्ट कळली पाहिजे. गाल दस्त्याला टेकवला की उजव्या हाताचा नेमबाज चष्म्याच्या मधून पाहत नाही, नाकाकडच्या वरच्या कोपर्‍यातून पाहतो. काचेच्या कोपर्‍यातून तिरकं पाहिलं की काच स्वतःच नवा तिरकेपणा तयार करते. म्हणून रायफल धरलेल्या स्थितीत काच नजरेला काटकोनात यायला हवी. साध्या फ्रेमचे नाकावरचे पॅड वाकवून तिला थोडं वर आणि आत घेता येतं, तेवढ्यानेही फरक पडतो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रोग्रेसिव्ह काच घालून नेम धरू नये. नेम वरच्या कोपर्‍यातून असतो आणि प्रोग्रेसिव्हच्या कडा मुळातच ओढलेल्या असतात. एकाच नंबराची वेगळी काच करा. डोळ्याने माशीवर स्थिरावायचं असतं, काळा गोल थोडा पुसट राहिला तरी चालतो. माशी मीटरभरावर असते, म्हणून लांबच्या नंबरात सहसा +०.५० मिळवतात. म्हणजे –१.५० असेल तर –१.००. सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस तसेच ठेवायचे. शेवटचा निर्णय रायफल हातात धरून, माशीकडे पाहून व्हावा. दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर तो होत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स घेणार असाल तर ती टोरिक, म्हणजे सिलिंडरसह घ्या. साधी घेतली तर पुन्हा सरासरीचाच प्रकार. आणि ही लेन्स डोळ्यात थोडी फिरली की तिचाही अ‍ॅक्सिस जातो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात डोळे कोरडे पडतात, तेव्हा लेन्स जागेवर बसते का हे सरावातच कळेल, स्पर्धेत नको. कसंही असो, डोळ्यावर काच नसेल तर संरक्षक चष्मा हवाच. छर्रा उलटून येतो.

कुणी हौसेने रेड डॉट साइट लावली आणि लाल ठिपका त्याला स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसला, तर साइट परत करायची घाई करू नये. मोबाइलचा कॅमेरा साइटच्या मागे धरून फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट ठीक, तिरकेपणा डोळ्याचा.

पालकांना दोन गोष्टी जरा कडक शब्दांत सांगतो. उन्हाळ्याची धूळ आणि गळिताच्या हंगामातली काजळी यांनी इथल्या पुष्कळ मुलांचे डोळे खाजतात आणि मुलं ते चोळतात. चोळण्याची सवय मोडा, अ‍ॅलर्जीवर उपचार घ्या. किशोरवयात तिरका नंबर भराभर वाढत असेल, चष्मा बदलूनही नीट दिसत नसेल, तर केराटोकोनस हा आजार असू शकतो. त्यात डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्या. वेळेत कळलं तर क्रॉसलिंकिंगने तो वाढायचा थांबवता येतो. शेतात उन्हात राबणार्‍या मोठ्या माणसांच्या डोळ्यात मांस वाढतं, वडस येतं, तेही पडदा ओढून तिरकेपणा आणतं. असा डोळा घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, डॉक्टरकडे जा.

भरतीची तयारी करणार्‍या पोरांनी आपला नंबर आजच मोजून ठेवावा. सैन्य, पोलीस, राखीव दल, प्रत्येकाचे आणि त्यातल्या प्रत्येक पदाचे डोळ्यांचे निकष वेगळे असतात. जाहिरात वाचून मगच मैदानावर वर्षं घाला.

माझं पुढे काय झालं म्हणाल, तर सिलिंडरची काच लागल्यावर पहिला आठवडा जमीन कललेली वाटली, नंतर सवय झाली. ग्रुपिंग गोल झालं. मी काही चॅम्पियन झालो नाही, श्वासाच्या चुका आता श्वासाच्या म्हणून ओळखू येतात इतकंच. पण प्रशिक्षकाला तेवढंच हवं असतं. डोळ्याचा दोष मध्ये असला की त्याचं प्रत्येक निदान चुकतं आणि पोराला वाटतं आपण कष्टात कमी पडतोय.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावा. आधी नेत्रतपासणी, ती काही शे रुपयांत होते. मग योग्य काच. मग क्लबची रायफल वापरून काही महिने सराव. लाखांच्या घरातली मॅच रायफल सगळ्यात शेवटी. आणि ती घ्यायला जाल तेव्हा नवा चष्मा डोळ्यावर असू द्या, कारण बटप्लेट, गालाची पट्टी आणि साइटची उंची त्या चष्म्यासकटच जुळवून घ्यावी लागते.