दोन बाटल्या, एकच बादली

संडास-बाथरूम धुताना कुणाला त्रास झाला की दोष एखाद्या बाटलीला दिला जातो. माझे मत वेगळे आहे. यातल्या बऱ्याचशा बाटल्या एकेकट्या, सांगितलेल्या प्रमाणात वापरल्या तर निमूट काम करतात. घात होतो तो आपल्या ‘अजून थोडे टाकू या’ या सवयीने. पिवळा डाग हटत नाही म्हणून लिक्विडवर ब्लीच, वास जात नाही म्हणून त्यावर फिनाईल, आणि हे सगळे दार लोटून घेतलेल्या, डक्टकडे वीतभर खिडकी असलेल्या खोलीत. दिवाळीच्या साफसफाईत तर या सवयीला ऊत येतो.

संडासाच्या दाट लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सुटे मिळणारे ‘अ‍ॅसिड’ म्हणजे तेच, पण सहसा अधिक जहाल. ब्लीच द्रव असो की पावडर, त्यातले काम करणारे द्रव्य हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. आणि आपल्याकडे फरशी घासायची ती उकिडवे बसून, तोंड जमिनीपासून हातभर उंचीवर. दारात उभ्या असलेल्याला काही जाणवायच्या आत खाली बसलेल्या बाईचे डोळे चुरचुरायला लागतात. शिवाय हे मिश्रण कुणी मुद्दामच करते असे नाही. रात्री एकाने भांड्यात लिक्विड सोडून ठेवायचे आणि सकाळी दुसऱ्याने त्यावर ब्लीच भुरभुरायचे, एवढे पुरते. लघवीचा वास मुरलेल्या कोपऱ्यात ब्लीच ओतले तर तिथल्या अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. त्यांचाही वास उग्र. मग घाण अजून गेलेली नाही असे समजून आणखी ब्लीच पडते! खोकला, घशाची आग थोड्या वेळाने निवळली तरी निश्चिंत होऊ नये. जास्त वायू छातीत गेला असेल तर फुप्फुसांना सूज येऊन दम लागणे काही तासांनीही सुरू होऊ शकते.

हा झाला एका दिवसाचा अपघात. वर्षानुवर्षे थोडे थोडे नाकातोंडात जाण्याचे काय? नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपातल्या 6,235 लोकांच्या फुप्फुसांची ताकद सुमारे 20 वर्षांच्या काळात मोजलेली होती. घरी साफसफाई करणाऱ्या आणि तोच व्यवसाय असणाऱ्या, दोन्ही गटांतल्या स्त्रियांमध्ये ही ताकद साफसफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा लवकर घटत गेलेली दिसली. त्याआधी, 2007 साली, युरोपातल्याच दुसऱ्या एका पाहणीत आठवड्यातून एकदा तरी फवाऱ्याची साधने वापरणाऱ्यांमध्ये दम्याची लक्षणे अधिक आढळली होती. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण पक्के सिद्ध करत नाहीत, आणि युरोपातली घरे म्हणजे आपली घरे नव्हेत. हा आक्षेप रास्तच आहे. तरी तो आपल्याला सोयीचा मात्र नाही. आपण एक बाथरूम धुतो. आपल्याकडे येणारी मावशी एका सकाळी चार-पाच घरची धुते, आणि प्रत्येक घरची बाटली वेगळी.

‘आमच्या आईने जन्मभर अ‍ॅसिड वापरले, तिला काही झाले नाही,’ हे उत्तर हमखास येते. त्या पिढीचा संडास बहुधा परसात किंवा चाळीच्या टोकाला होता, मोरीला वारा लागत होता, आणि घरात ब्लीचची बाटली फारशी नव्हती. आज फडताळात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात. दुसरे टोक ‘नैसर्गिक’वाल्यांचे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना निकामी करतात आणि उरते बव्हंशी पाणी. तेच व्हिनेगर ब्लीचमध्ये पडले तर पुन्हा क्लोरीनच. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून रसायनशास्त्र तिला सूट देत नाही.

राहिला जंतूंचा मुद्दा. तो खरा आहे, पण ब्लीचला मळ आवडत नाही. घाणीवर ओतलेले ब्लीच त्या घाणीतच खर्ची पडते. म्हणून आधी साबणपाणी आणि ब्रश, मग भरपूर पाणी, आणि घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तेव्हा त्यानंतर ब्लीच. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने घरा-कार्यालयांतल्या पृष्ठभागांसाठी 0.1 टक्का द्रावण सुचवले होते: 5 टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे 49. यावरून आपण किती सढळ हाताने ओततो ते कळेल. द्रावण गार पाण्यात, त्या दिवसापुरतेच करावे. ते फवारू नये, फडक्याने पुसावे. रोजच्या फरशीला याची गरज नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर हा मळ नव्हे, क्षार आहेत. नळावर आणि टाइल्सवर लिंबूसत्ताचे पाणी अर्धा तास लावून ठेवले की ते सैल होतात. शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरावर मात्र कोणतेच आम्ल नको; हे चुन्याचे दगड, अ‍ॅसिडने फसफसतात तेव्हा डाग नव्हे, फरशीच विरघळत असते.

सुट्या अ‍ॅसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निर्बंध घातले. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहणे, नोंदवहीत नाव लिहिणे हे दुकानदाराला बंधनकारक झाले. ते अ‍ॅसिड-हल्ल्यांमुळे, पण सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवलेले अ‍ॅसिड लहान मुलालाही तितकेच जाळते. कुणी असले काही प्यायलेच तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. लिंबूपाणी, मिठाचे पाणी असले उतारेही देऊ नयेत. चूळ भरवून, बाटली सोबत घेऊन, थेट रुग्णालय गाठावे. वायूचा ठसका लागला तर बादली रिकामी करायला आत थांबू नये. दार उघडे टाकून बाहेर पडावे, आणि मावशी आत असेल तर आधी तिला बाहेर बोलवावे.

मावशीसाठी करण्यासारखे आणखीही आहे. फडताळात आम्ल आणि ब्लीच यांपैकी एकच काहीतरी ठेवा. लेबल इंग्रजीत असेल तर बाटलीवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत ‘यात दुसरे काही घालू नये’ असे लिहा. तिला वाचता येत नसेल तर तोंडी सांगा, लांब दांड्याचा ब्रश आणून द्या, आणि ती आत शिरण्याआधी एक्झॉस्टचे बटण आपण दाबा.